शेरीफ, मार्शल आणि त्यांच्या कमरेचे होल्स्टर

९ जानेवारी १८७६ च्या रविवारी रात्री अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी, कस्टम हाउस नावाच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत वायट अर्प हा पोलीस दोन-तीन जणांसोबत बसला होता. बसल्या जागी त्याचे रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून निसटले, खाली पडताना त्याचा हॅमर, म्हणजे आघात करून गोळी उडवणारा मागचा भाग, खुर्चीवर आपटला आणि गोळी सुटली. ती त्याच्या कोटातून गेली, भिंतीवर आदळली आणि तिथून उसळून छताबाहेर पडली. कोणाला इजा झाली नाही, पण खोलीतल्या माणसांची पळापळ झाली आणि त्याच आठवड्यात गावातल्या वर्तमानपत्राने ती हकीकत छापली. पुढे ज्याचे नाव त्या काळातील कायदारक्षकांमध्ये सर्वांत गाजले, त्या माणसाच्या बाबतीत घडलेला हा प्रसंग होल्स्टर नीट समजून घ्यायला फार उपयोगी आहे, कारण होल्स्टरचे पहिले काम कोणते याचे उत्तर त्यात आहे. शस्त्र चटकन बाहेर यावे ही अपेक्षा नंतरची. ते नको तेव्हा बाहेर येऊ नये, ही आधीची.

होल्स्टर म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावर बाळगण्यासाठी केलेली चामड्याची खोळ. तिच्याकडून एकमेकांच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टी मागितल्या जातात. घोडा उधळला, माणूस खाली वाकला, झटापट झाली तरी शस्त्र जागचे हलू नये, इतकी पकड हवी. आणि वेळ आली की तेच शस्त्र एका हाताने, अडखळल्याशिवाय निघावे, इतकी मोकळीकही हवी. शिवाय धूळ, पाऊस आणि घोड्याचा घाम यांपासून लोखंड वाचवायचे आणि शस्त्राच्या धारदार कडांपासून माणसाचे कपडे व कातडी वाचवायची. साधारण १८४० ते १९१० या सत्तर वर्षांत मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील प्रदेशात होल्स्टरचे जे निरनिराळे घाट तयार झाले, त्यांतील प्रत्येक घाट या मागण्यांपैकी कोणती अधिक निकडीची होती हे सांगतो. माझ्या मते या इतिहासात शस्त्रांइतकेच महत्त्व त्या माणसांच्या रोजच्या कामाला आहे, आणि ते काम लक्षात घेतल्याशिवाय चामड्याचा आकार कळत नाही.

सुरुवात वजनापासून करावी लागते. सॅम्युअल कोल्ट यांना फिरत्या सिलिंडरच्या रिव्हॉल्व्हरचे अमेरिकी पेटंट १८३६ मध्ये मिळाले, आणि टेक्सास रेंजर या सरहद्दीवरील सशस्त्र दलाने त्यांची सुरुवातीची रिव्हॉल्व्हरे १८४० च्या दशकात प्रत्यक्ष लढाईत वापरली. त्या अनुभवावरून कॅप्टन सॅम्युअल वॉकर यांनी कोल्ट यांना अधिक दणकट शस्त्र बनवण्याच्या सूचना केल्या आणि १८४७ मध्ये वॉकर कोल्ट तयार झाले. त्याची लांबी सुमारे ३९ सेंटिमीटर होती आणि वजन दोन किलोंहून थोडे अधिक. एवढे धूड कमरेला बांधून दिवसभर घोड्यावर बसणे शक्यच नव्हते. त्यामुळे अशी पिस्तुले खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावरून दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या जोड-होल्स्टरमध्ये ठेवत. म्हणजे या टप्प्यावर होल्स्टर हा घोड्याच्या सरंजामाचा भाग होता, माणसाच्या पोशाखाचा नव्हता. त्यातली अडचण उघड आहे: घोडा पळून गेला की शस्त्रही गेले.

कोल्ट यांच्या १८५१ च्या नेव्ही नमुन्याने हे चित्र पालटले. त्याचे वजन जवळपास १.२ किलो, म्हणजे वॉकरच्या निम्म्याहून थोडेसेच जास्त होते. त्याच सुमारास सोन्याच्या शोधात हजारो माणसे कॅलिफोर्नियात उतरली होती, तिथे पैसा होता, भांडणे होती आणि कायद्याची यंत्रणा तोकडी होती. कमरेला लावता येईल असे रिव्हॉल्व्हर आणि ते घेणारे गिऱ्हाईक एकाच ठिकाणी आले आणि त्यातून कॅलिफोर्निया घाटाचे होल्स्टर जन्माला आले. संग्राहक आज त्याला ‘स्लिम जिम’ म्हणतात. एकाच तुकड्याचे चामडे दुमडून, रिव्हॉल्व्हरच्या बाह्यरेषेला अगदी लागून शिवलेली ती निमुळती खोळ असे; मागच्या बाजूला शिवलेल्या पट्टीतून कमरपट्टा ओवलेला असे. पट्टा तेव्हा अरुंद असला तरी चाले, कारण त्या काळातील रिव्हॉल्व्हर ठासणीचे होते. सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यात बंदुकीची दारू आणि शिशाची गोळी ठासायची आणि मागे तांब्याची छोटी टोपी बसवायची. पट्ट्यात ओवण्याजोगी धातूची काडतुसे अजून प्रचारात नव्हती. पुन्हा भरायला फार वेळ लागत असल्यामुळे अनेक जण दोन रिव्हॉल्व्हरे बाळगत. दोन्ही हातांनी एकदम गोळीबार करण्यापेक्षा पहिले रिकामे झाल्यावर दुसरे हाताशी असावे, हे त्यामागचे खरे कारण होते.

या होल्स्टरवर पुष्कळदा फुलापानांची वेलबुट्टी कोरलेली आढळते. ते कौशल्य त्या प्रदेशात आधीपासून रुजलेल्या मेक्सिकन खोगीर-कारागिरीतून आलेले आहे. पश्चिमेच्या चामडीकामाचा मेक्सिकोशी असलेला हा संबंध पुढेही तुटला नाही, आणि त्याचे श्रेय अनेकदा दिले जात नाही याचे मला वाईट वाटते.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात सैन्याने हजारोंच्या संख्येने वेगळ्याच घाटाची होल्स्टरे बनवून घेतली. त्यांवर मोठे झाकण असे आणि ते पितळी खुंटीवर अडकवून बंद करत. रिव्हॉल्व्हर उजव्या कुशीवर, पण मूठ पुढे करून ठेवलेले असे. याचे सामान्यतः दिले जाणारे कारण असे की घोडेस्वाराचे मुख्य शस्त्र तलवार होते. तलवार उजव्या हातात असताना रिव्हॉल्व्हर डाव्या हाताने काढता यावे, आणि वेळप्रसंगी मनगट उलटे वळवून उजव्यानेही काढता यावे. झाकणामुळे टोप्या आणि दारू पावसात कोरडी राहत असे, आणि ठासणीच्या शस्त्राला ही गोष्ट वेगापेक्षा महत्त्वाची होती. युद्ध संपल्यावर हा माल स्वस्तात बाजारात आला आणि पश्चिमेकडे गेलेल्या अनेकांनी तो विकत घेऊन झाकण सरळ कापून टाकले.

याच वर्षांच्या आसपास भारतातही असाच प्रश्न एका वेगळ्या मार्गाने सुटत होता. १८५८ मध्ये रोहिलखंडातील एका चकमकीत पंजाबी घोडदळाचे अधिकारी सॅम ब्राउन यांचा डावा हात गेला. तलवारीचे म्यान सावरायला हात उरला नाही, म्हणून त्यांनी उजव्या खांद्यावरून तिरका जाणारा आणि कमरपट्ट्याचा भार पेलणारा पट्टा वापरायला सुरुवात केली. त्याच पट्ट्यावर होल्स्टरही बसे. आपल्याकडे संचलनात पोलीस अधिकाऱ्यांच्या छातीवर दिसणारा तिरका पट्टा तोच, आणि विसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक पोलीस दलांनीही तो स्वीकारला.

मूठ पुढे ठेवण्याची सवय नागरी जीवनातही टिकली. जेम्स बटलर ऊर्फ वाइल्ड बिल हिकॉक १८६९ मध्ये हेज सिटी परिसराचा शेरीफ आणि १८७१ मध्ये ॲबिलीनचा मार्शल होता. हस्तिदंती मुठींची नेव्ही रिव्हॉल्व्हरांची जोडी तो मुठी पुढे करून कमरेला लावत असे, आणि कित्येकदा त्यासाठी होल्स्टरऐवजी कमरेचा शेलाच वापरत असे. ५ ऑक्टोबर १८७१ रोजी ॲबिलीनमध्ये फिल को याच्याशी झालेल्या गोळीबारात त्याने को याला मारले, पण मदतीला धावत आलेला त्याचाच सहकारी माइक विल्यम्स त्याच्या गोळीने मेला.

यानंतरचा सर्वांत मोठा बदल काडतुसामुळे झाला. १८७३ मध्ये कोल्ट कंपनीचे सिंगल ॲक्शन आर्मी हे रिव्हॉल्व्हर आले. दारू, गोळी आणि टोपी यांची जागा एका पितळी काडतुसाने घेतली. आता दारूगोळा कमरेवरच, एकापुढे एक ओवून नेता येऊ लागला आणि पट्टा रुंद व जाड झाला. अनेक पट्टे दुहेरी चामड्याचे, आतून पोकळ असत आणि त्या पोकळीत नाणी ठेवता येत. १८७८ च्या सुमारास कोल्टने विंचेस्टर रायफलमध्ये चालणारी .४४-४० या मापाची काडतुसे घेणारे रिव्हॉल्व्हरही बाजारात आणले, त्यामुळे एकाच पट्ट्यावर दोन्ही शस्त्रांची सोय झाली. पण रुंद पट्टा जुन्या होल्स्टरच्या मागच्या अरुंद पट्टीतून जाईना.

यावर निघालेला तोडगा मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत देखणी कल्पना वाटते. तिला ‘मेक्सिकन लूप’ म्हणतात. कारागीर एकच मोठा चामड्याचा तुकडा घेतो. त्याच्या एका भागाची खोळ शिवतो. दुसरा भाग वरच्या काठावरून मागे दुमडून खाली सोडतो, तेव्हा खोळीच्या पाठीशी एक रुंद पाखे तयार होते. त्या पाख्यात आडव्या चिरा देऊन दोन किंवा तीन पट्ट्या मोकळ्या केल्या जातात आणि खोळ त्या पट्ट्यांच्या आतून खाली सरकवली जाते. वरच्या दुमडीत जी जागा उरते, तिच्यातून कमरपट्टा जातो. पट्टा काडतुसांनी कितीही फुगलेला असला तरी दुमड त्याला सामावून घेते. होल्स्टरचा सगळा भार चामड्याच्या अखंड घडीवर येतो; उसवेल अशी शिवण किंवा निखळेल असा रिबेट त्या जागी नसतोच. मागचे पाखे कपडे आणि शस्त्र यांच्यामध्ये राहते. चार-पाच साध्या हत्यारांनी, कोणत्याही खोगीरवाल्याच्या दुकानात हे बनवता येत असे. १८७० च्या दशकात हा घाट पसरला आणि शतक संपेपर्यंत टेक्सासपासून मोंटानापर्यंत तोच प्रमुख राहिला.

या होल्स्टरमध्ये रिव्हॉल्व्हर खोल बसते. चाप आणि त्याभोवतीची कडी बहुधा चामड्यात झाकलेली असते आणि मूठ व हॅमर एवढेच वर दिसते. कित्येक होल्स्टरांना हॅमरवर अडकवायची चामड्याची वादीही असे. पट्टा कमरेवर, आजच्या पॅंटच्या पट्ट्याच्या जवळपास बांधलेला असे. खोगिरावर बसलेल्या माणसाच्या मांडीशी लोंबणारे शस्त्र घोड्याच्या प्रत्येक उडीबरोबर आपटले असते, हे लक्षात घेतले की ही उंची सहज पटते. शिवाय सहा कप्प्यांपैकी पाचच भरायचे आणि हॅमर रिकाम्या कप्प्यावर टेकवायचा, ही सावधगिरी जाणती माणसे घेत. विचिटातल्या त्या रात्री हॅमर भरलेल्या कप्प्यावर टेकलेला होता.

होल्स्टर बनवणारे बहुतेक सगळे मुळात खोगीर बनवणारे होते. चामडे तेच, आरी तीच, मेण लावलेला दोराही तोच. झाडाच्या सालीने कमावलेले जाड चामडे ओले केले की मऊ पडते, रिव्हॉल्व्हरवर दाबून बसवले की त्याचा आकार घेते आणि वाळल्यावर तो आकार सोडत नाही. शिवण दोन सुयांनी, एकाच छिद्रातून दोन्ही बाजूंनी दोरा ओढून घालतात, म्हणजे एक टाका तुटला तरी पुढचा उसवत नाही. वायोमिंगमधील शायेन गावचे एफ. ए. मीनिया, डेन्व्हरचे एच. एच. हायझर, मोंटानातील माइल्स सिटीचे अल फर्स्टनाउ ही या व्यवसायातील मोठी नावे. त्यांचे ठसे असलेली होल्स्टरे आज संग्रहालयांत आहेत. शायेनच्या दुकानांनी खोळीच्या खालच्या टोकाला चामड्याचा थेंबाच्या आकाराचा तुकडा शिवून ते बंद करण्याची पद्धत लोकप्रिय केली. या चामड्याचा एक दोष मात्र होता. कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे ओवलेली पितळी काडतुसे, कल्हई गेलेल्या भांड्यासारखी, हिरवी कळकत आणि चिकटून बसत. सैन्यातील अधिकारी ॲन्सन मिल्स यांनी विणलेल्या कापडी काडतूसपट्ट्याचा पाठपुरावा केला तो याच त्रासामुळे.

आता ही होल्स्टरे वापरणाऱ्या माणसांकडे येऊ. कायदारक्षक म्हणून आपण ज्यांना एकत्र मोजतो, ते वस्तुतः निरनिराळ्या पदांवरील लोक होते. गावाचा मार्शल गावापुरता. शेरीफ हा संपूर्ण काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा, निवडून आलेला अधिकारी. आणि डेप्युटी यू. एस. मार्शल हे केंद्र सरकारच्या न्यायालयाचे हुकूम बजावणारे. यांतील फार थोड्यांना गणवेश होता, आणि बहुतेकांना होल्स्टर स्वतःच्या पैशाने घ्यावे लागे. म्हणून कायदारक्षकाचे होल्स्टर असा स्वतंत्र प्रकार त्या काळात शोधून सापडत नाही; गुराख्याच्या, दरोडेखोराच्या आणि शेरीफाच्या कमरेला एकाच दुकानातला माल असू शकत होता.

तरीही कामाने फरक पडत होता. आर्कान्सामधील फोर्ट स्मिथ येथे न्यायाधीश आयझॅक पार्कर यांचे न्यायालय १८७५ पासून इंडियन टेरिटरीवर, म्हणजे मूळ अमेरिकी जमातींसाठी राखलेल्या प्रदेशावर, देखरेख करत असे. तिथले डेप्युटी मैलाप्रमाणे भत्ता घेऊन, कैद्यांसाठी गाडी सोबत घेऊन आठवडेच्या आठवडे घोड्यावर फिरत. गुलामगिरीत जन्मलेले बास रीव्हज हे कृष्णवर्णीय अधिकारी १८७५ ते १९०७ अशी बत्तीस वर्षे या प्रदेशात काम करत होते. अशा माणसांचे मुख्य शस्त्र रायफल होती आणि कमरेचे रिव्हॉल्व्हर हा दुसरा आधार. त्यांना खोल, झाकणारे, पकडून ठेवणारे होल्स्टरच हवे होते.

गावात मात्र उलट परिस्थिती होती. डॉज सिटी, विचिटा, टूमस्टोन अशा अनेक गावांनी हद्दीत शस्त्र बाळगण्यावर बंदी घातली होती. ॲरिझोनातल्या टूमस्टोनचा तो नियम एप्रिल १८८१ चा आहे. जिथे इतरांनी शस्त्र जमा करायचे, तिथे गावचा मार्शल दिवसभर दुकानदारांमध्ये, जुगाराच्या टेबलांपाशी, लांब कोट घालून वावरत असे, आणि त्याला रिव्हॉल्व्हर कोटाखाली ठेवणेच सोयीचे होते.

२६ ऑक्टोबर १८८१ रोजी टूमस्टोनमध्ये ओ. के. कोराल नावाच्या घोड्यांच्या आवाराजवळ जी चकमक झाली, तिच्यात हे स्पष्ट दिसते. पुढच्या महिन्यात न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यापुढे झालेल्या सुनावणीत साक्षी नोंदवल्या गेल्या, म्हणून हे तपशील आपल्याला उपलब्ध आहेत. वायट अर्पने सांगितले की रिव्हॉल्व्हर आपल्या हातात कोटाखाली होते आणि शेरीफ बीहन यांनी समोरच्यांची शस्त्रे काढून घेतली असे ऐकल्यावर आपण ते ओव्हरकोटाच्या खिशात ठेवले. गावचा मार्शल असलेल्या त्याच्या भावाने, व्हर्जिलने, आपले रिव्हॉल्व्हर विजारीत खोचले होते आणि उजव्या हातात काठी धरली होती. त्यांच्या बाजूने आलेल्या डॉक हॉलिडेकडे कोटाखाली छोट्या नळीची बंदूक होती. उघड दिसणारी शस्त्रे कमरेला होती ती फ्रँक मॅक्लॉरी आणि बिली क्लँटन यांच्या, म्हणजे ज्यांना निःशस्त्र करायला ही मंडळी निघाली होती त्यांच्या. सुमारे अर्ध्या मिनिटात तिघे मेले. या सर्वांत प्रसिद्ध चकमकीत कायद्याच्या बाजूच्यांची सोय खिसा आणि कमरबंद यांनी भागली होती, ही गोष्ट मला वारंवार सांगावीशी वाटते.

टेक्सासमधील एल पासोचा मार्शल डॅलस स्टाउडनमायर यानेही होल्स्टर सोडून विजारीचे खिसे आतून चामड्याने मढवून घेतले होते. कायदारक्षक म्हणून गाजलेल्या बॅट मास्टरसनने २४ जुलै १८८५ रोजी डॉज सिटीहून कोल्ट कंपनीला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात त्याने निकेलचा मुलामा दिलेले, आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर मागवले आहे. सैन्यासाठीची नळी साडेसात इंचांची होती. पावणेपाच इंचांची नळी कोटाखाली लपते आणि काढताना हात कमी वर न्यावा लागतो. याच गरजेतून काखेखाली लावायची होल्स्टरे आली. फर्स्टनाउ यांनी त्यात चामडे जवळजवळ काढूनच टाकले आणि धातूच्या चिमट्यात रिव्हॉल्व्हर धरणारा सांगाडा बनवला. टेक्सासमधील कॅम्प काउंटीचे शेरीफ लुई फ्लाटाऊ यांनी जानेवारी १८८२ मध्ये त्याहून धाडसी युक्तीचे पेटंट घेतले. पट्ट्यावर धातूची दुभंगलेली पट्टी आणि रिव्हॉल्व्हरच्या हॅमरच्या स्क्रूला मोठे डोके; ते डोके पट्टीत सरकवले की शस्त्र उघड्यावरच लटकत राही आणि जागच्या जागी फिरवून झाडता येई. सैन्याने चाचणीसाठी ५०० नग घेतले आणि नाकारले. धूळपावसात उघडे राहणारे शस्त्र घोडदळाला कसे चालणार?

या विषयावर छायाचित्रांवरून बोलताना एक काळजी घ्यावी लागते. त्या काळी लोखंडी पत्र्यावर काढलेल्या छायाचित्रात प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी येत असे. बिली द किड या कुख्यात गुन्हेगाराचे प्रसिद्ध छायाचित्र असेच आहे. त्यात होल्स्टर डावीकडे दिसते, म्हणून तो डावखुरा होता असे कित्येक वर्षे मानले गेले. त्याच्या हातातील विंचेस्टरची काडतुसे भरण्याची खिडकी चुकीच्या बाजूला दिसते हे लक्षात आल्यावर तो समज सुटला.

मग मांडीला बांधलेले, खाली लोंबणारे होल्स्टर आले कुठून? पट्ट्याला चीर देऊन त्यातून होल्स्टर खाली सोडण्याची पद्धत एल पासोचे कारागीर सॅम मायर्स यांनी १९२० च्या दशकात रूढ केली आणि चित्रपटांनी ती उचलली. १९५० च्या दशकात आर्वो ओहाला यांनी चामड्याच्या दोन थरांमध्ये पोलादी पत्रा घातला. त्यामुळे खोळ सिलिंडरला चिकटत नाही आणि रिव्हॉल्व्हर आत असतानाच हॅमर मागे ओढता येतो. दूरचित्रवाणीवरील नटांची विजेसारखी चपळाई या पत्र्यामुळे शक्य झाली. १८६५ मध्ये मिझुरीतील स्प्रिंगफील्डच्या चौकात हिकॉकने डेव्हिस टट याला मारले, तेव्हा दोघांमध्ये सुमारे सत्तर मीटर अंतर होते. एवढ्या अंतरावर कामी येतो तो नेम.

कायदारक्षकांसाठी म्हणून मुद्दाम घडवलेले होल्स्टर खऱ्या अर्थाने दिसते तेही मायर्स यांच्याच दुकानात, आणि तेव्हा जुनी सरहद्द संपत आली होती. दारूबंदीच्या काळात एल पासो भागात तस्करांच्या मागावर असलेले अधिकारी टॉम थ्रीपर्सन्स यांनी आपल्या पावणेपाच इंची कोल्टसाठी त्यांच्याकडून होल्स्टर बनवून घेतले. त्यात मागचे पाखे आणि पट्ट्या नाहीत. चाप आणि हॅमर यांच्याभोवतीचे चामडे कापून टाकले आहे, मूठ किंचित पुढे झुकवली आहे, ओले चामडे शस्त्रावर दाबून खोळ इतकी तंतोतंत बसवली आहे की शस्त्र घर्षणानेच धरले जाते, आणि ती पट्ट्याला घट्ट लागून कमरेवर उंच राहते. मोटारीत बसणाऱ्या, रस्त्यावर चालणाऱ्या पोलिसाला जे हवे ते यात होते. अमेरिकेतील पोलिसांची पुढच्या अनेक दशकांतील चामड्याची होल्स्टरे याच घाटावरून निघाली.